कुक, एक

१

त्या सहलीच्या यादीची कार्बन कॉपी अजून माझ्या ट्रंकेत आहे. निळी अक्षरं फिकी झाली आहेत, पण वाचता येतात. वर एप्रिल १९६०, शुक्रवार, फैलका बेट. खाली साहेब लोकांची नावं, हुद्द्यानुसार, मग त्यांच्या बायका आणि मुलं, मग माझं नाव आणि त्यापुढे कंसात 'गाईड'. त्याखाली एक रेघ मारून सामान: स्टोव्ह दोन, बर्फाची पेटी एक, पाण्याचे डबे सहा. आणि शेवटची ओळ: कुक, एक.

ही यादी मीच टाइप केली. त्या कुकचं नाव मला माहीत होतं. त्याच्या बापाचं नाव माहीत होतं, घर माहीत होतं. तो माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा होता.

आमचं गाव रत्नागिरीकडचं, खाडीच्या काठावरचं. माझी बहीण बिल्कीस आपा हिचं लग्न यूसुफशी झालं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. ते तरीवर होते, म्हणजे लोकांना होडीने खाडीपार नेण्याचं काम त्यांच्याकडे. शाळा पलीकडच्या काठावर. सकाळी ते मला सोडायचे आणि संध्याकाळी मी पलीकडून हाक मारायचो, 'दुल्हाभाई.' पाणी रुंद होतं, आणि दुल्हाभाईंचा एक नियम होता. पहिल्या हाकेला ते हलायचे नाहीत. ओसाड काठावरून कोण हाक मारतंय याचा भरवसा नसतो, आणि जे आपलं नसतं ते एकदाच हाक मारून थांबतं, असं आमच्याकडचे तरीवाले मानतात. दुसऱ्या हाकेला ते उठून बसायचे आणि डोक्यावर टोपी घालायचे. इतक्या लांबूनही ती पांढरी टोपी वर आलेली मला दिसायची. तिसऱ्या हाकेला होडी निघायची. सात वर्षं मी रोज तीन हाका मारल्या आणि सात वर्षं होडी आली. एक दिवस चुकला नाही.

त्या शाळेमुळे मी मॅट्रिक झालो, मुंबईत टायपिंग शिकलो आणि कुवेतला एका कंपनीच्या ऑफिसात लागलो. पाच वर्षांत साहेबांच्या शेजारच्या खोलीत माझं टेबल गेलं. गावच्या खाडीवर पूल झाला, तरीचं काम बंद पडलं, आणि आपाचं पत्र आलं की यांना तिकडे काहीतरी बघ. मी बघितलं. कंपनीच्या मेसमध्ये लावून दिले. फक्त ते माझे कोण लागतात हे ऑफिसात कुणाला सांगितलं नाही. आमची मोठी बागायत आहे, वडील गावचे काझी होते, असं मी साहेबांना कधीतरी सांगून बसलो होतो. त्यात तरीवाला मेहुणा कुठे बसवणार?

२

कुवेतमधल्या शर्कच्या धक्क्यावरून सकाळी सातला लाँच सुटली. नोखदा कमाल म्हणून एक वयस्क कुवेती होता, आपल्याकडे नाखवा म्हणतात तसा. साहेब लोक पुढे ताडपत्रीच्या सावलीत आणि मागे स्टोव्हपाशी दुल्हाभाई. डोक्याला पंचा गुंडाळून ते चहाचं आधण ठेवत होते. पाणी बघून खूश झाले होते. तीन वर्षं वाळूच काय ती बघितली होती बिचाऱ्यांनी.

मॅडमना, म्हणजे मोठ्या साहेबांच्या पत्नीला, चहा फार आवडला. त्यांनी मला विचारलं, "हा माणूस छान आहे. तुमच्याच भागातला का?"

मी म्हणालो, "हिंदुस्थानातला आहे, मॅडम. मी ओळखत नाही."

दुल्हाभाई कपबशा गोळा करत हातभर अंतरावर होते. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. पण 'नो' हा शब्द कुणाला येत नाही? त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, माझी बशी उचलली आणि ते मागे गेले.

माझे कान तापले. नंतर एकटं गाठून समजूत घालू, असं मी स्वतःला सांगितलं. दोन तासांनी बेट दिसायला लागलं, सपाट आणि पिवळं.

३

बेटावरच्या झोर गावातल्या मातीच्या घरांमधून फिरून आम्ही उत्खननाकडे गेलो. खोदणारे परदेशी लोक हंगाम संपवून गेले होते. कमरेएवढ्या दगडी भिंती, चौकोनी खोल्या, त्यांच्यामध्ये खांबांच्या बैठका. आदल्या आठवड्यात पाठ केलेलं मी सगळं म्हणून दाखवलं. सिकंदराच्या नंतरचे ग्रीक लोक इथे राहिले, हे त्यांचं देऊळ, ही तटबंदी, हा भट्टीचा कोपरा. साहेबांनी मान डोलावली. माझा आवाज छान लागला होता आणि मी स्वतःवर खूश होतो.

मात्र एक गोष्ट मला खटकली. मी बोलायचा थांबलो की तिथली शांतता लगेच येत नव्हती. भिंतींच्या आतल्या बाजूला काहीतरी क्षणभर उशिरा थांबायचं. वारा असेल म्हणून मी मॅडमच्या टोपीच्या रिबिनीकडे पाहिलं. रिबीन हलत नव्हती. दगड तापले की आवाज धरतात, असं काहीतरी मी मनाशी जुळवलं आणि पुढच्या खोलीकडे वळलो.

जेवणं झाली. साहेब लोक सावलीत आडवे झाले. मी भिंतीमागे सिगारेट ओढत होतो, तिथे दुल्हाभाई आले. हातात जानमाज, नमाजाची चटई, गुंडाळलेली.

"इद्रीस, तू मना मगाशी हाक मारलीस काय?"

"नाय."

"मंग कोण मारतंय? माझा नाव घेतंय. एकदाच घेतंय नि गप बसतंय. मी काय ओ दिली नाय."

"ऊन लागलंय तुम्हाला. पाणी प्या."

ते हसले. लाँचवरच्या गोष्टीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मीही काढली नाही. आजूबाजूला कुणी नव्हतं, समजूत घालायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. पण मॅडम उठून इकडे आल्या तर काय, या धास्तीने मी सारखा भिंतीच्या टोकाकडे बघत होतो.

त्यांनी खालच्या एका खोलीकडे बोट दाखवलं. "थंय सावली हाय. जोहरची नमाज पढतंय नि जरा लवंडतंय. निघताना हाक मारशील?"

"मारीन."

"तीन मार हां. हितं दोनांवर मी येणार नाय."

"मारीन, दुल्हाभाई," मी हळूच म्हणालो आणि मागे वळून पाहिलं. कुणी ऐकलं नव्हतं.

४

साडेतीनला ओहोटी लागणार म्हणून नोखदा घाई करायला लागला. छोट्या होडीने दोन खेपा करून सगळे लाँचवर पोहोचले. मी पहिल्याच खेपेत गेलो होतो, कारण मॅडमची छत्री माझ्या हातात होती. दुल्हाभाई दुसऱ्या खेपेत सामानाबरोबर येतील, वाटलंच तर इथून हाक मारू, असा विचार केला. अंतर फार नव्हतं, आमच्या खाडीएवढंच.

मी यादी काढली आणि नावं घेतली. साहेब, मॅडम, मुलं, सगळे 'येस' म्हणाले. साहेबांनी यादीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "आणि कुक? काय नाव त्याचं?"

"यूसुफ असावं, सर."

"मग हाक मार की."

आयुष्यात मी त्यांना नावाने हाक मारली नव्हती. बहिणीच्या नवऱ्याचं नाव कोण घेतं? घसा साफ करून, ऑफिसात शिपायाला बोलवावं तसं, किनाऱ्याकडे तोंड न करता, यादीत बघतच मी म्हणालो, "यूसुफ."

"ओ."

लगेच. नाव पुरतं माझ्या तोंडातून बाहेर पडायच्या आत. आवाज लाँचच्या मागच्या टोकाकडून आला. तिथे स्टोव्हपाशी पंचा गुंडाळलेली पाठ दिसत होती.

मी यादीवर खूण केली.

पेन्सिल कागदावर होती तेव्हाच मला कळलं होतं. हे इथे मुद्दाम लिहितो, कारण पुढे मी नाना कारणं शोधली. तरीवाल्याने पहिल्या हाकेला ओ दिली नसती. आणि त्या बेटावर, त्या दुपारनंतर, मेले तरी दिली नसती. चार पावलं मागे जाऊन तोंड बघायचं होतं, एवढंच. पण सकाळपासून मी ज्याला ओळखत नव्हतो त्याचं तोंड बघायला साहेबांसमोरून कसा उठून जाऊ? गेलो असतो आणि ते दुल्हाभाईच असते, तर त्यांच्या नजरेला नजर द्यावी लागली असती. तेही मला नको होतं.

इंजिन सुरू झालं. मी पुढे बघत बसलो. परतीच्या दोन तासांत मागून चहा आला नाही, आणि मी तो मागितलाही नाही.

५

कुवेत शहरात मुरगाब भागात आमची खोली होती, दोन खाटांची. रात्री तो येऊन त्याच्या खाटेवर बसला. चेहरा दुल्हाभाईंचाच. डाव्या भुवईवर होडीच्या वल्ह्याची जुनी खूण होती, तीही जागच्या जागी. मी सुटकेचा श्वास सोडला आणि स्वतःला मूर्ख म्हटलं.

बोलणी खायची मी तयारी ठेवली होती. ते रागावले असते तर बरं झालं असतं. पण राग नाही, अबोला नाही. 'माझी लाज वाटते काय रे तुला?' एवढा प्रश्नही नाही. आठवडा गेला, महिना गेला. सुटलो म्हणून मला आधी बरं वाटलं, मग त्या बरं वाटण्याचीही शरम वाटली.

जानमाज खोलीत दिसत नव्हती. विचारलं तर म्हणाला, "राहिली." मी नवी आणून दिली. ती कोपऱ्यात गुंडाळलेली होती तशीच राहिली.

बाकी माणूस लाख सरळ. मेसमधले लोक खूश होते, कारण काम सांगायच्या आत हजर. "यूसुफ" म्हटलं की "ओ". 'यू' म्हटलं तरी "ओ". एकदा दुपारी मी दाढी करत होतो आणि त्याला पाणी आणायला सांगावं असं नुसतं मनात आलं.

"ओ," तो दारातून म्हणाला.

वस्तऱ्याने गालाला लागलं. मी आरशात पाहिलं तर तो माझ्या मागे तांब्या घेऊन उभा होता. इतक्या दिवसांत त्याने स्वतःहून मला एकदाही हाक मारली नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. कुणालाच मारत नव्हता. तो फक्त ओ द्यायचा.

मी त्याला दुल्हाभाई म्हणून हाक मारून बघायला हवी होती. साधी गोष्ट. रोज ठरवायचो आणि रोज खोलीतून काहीतरी निमित्त काढून बाहेर पडायचो. ऊन डोक्यात गेलं की माणूस महिनोन् महिने बदलतो, असं मला ऑफिसातल्या एका कंपाउंडरने सांगितलं होतं. ते मी घट्ट धरून ठेवलं.

जूनमध्ये तो दोन महिन्यांच्या रजेवर गावी गेला. मीच बोटीत बसवून दिला. आपाकडे पाठवतोय, हे मला कळत होतं. ऑगस्टमध्ये आपाचं पत्र आलं. शेजारच्या नूरीकडून लिहून घेतलेलं, तरी शब्द आपाचेच.

'भाय इद्रीस, सलाम. इकडं सर्व खुशाल. ह्यांना तू काय शिकवलंस? पूर्वी तीन हाका मारल्याबिगर उठत नव्हते, आता एका हाकेत येतात. सगळी म्हणतात नशीब काढलंस. एकच गोष्ट लिहितंय, हसू नको. दोन महिन्यांत त्यांनी मना एकदा पण नावानं हाक मारली नाय. आणि मी रात्री निजताना हाक मारीत नाय. का ते मना सांगता येत नाय. तू त्यांच्याबरोबर होतास. तिकडं काय झालं काय?'

उत्तरात मी लिहिलं: काही झालं नाही. ऊन लागलं होतं.

६

नोव्हेंबरमध्ये कंपनीने पुन्हा सहल काढली. मी गाईड होतोच. मॅडमनी कुकसुद्धा तोच मागितला, हाक मारायच्या आधी येतो म्हणून. मी यादी टाइप केली. शेवटच्या ओळीवर बोटं थांबली. मग सवयीने तेच टाइप झालं.

बेटावर सगळं पहिल्यासारखंच. देऊळ, तटबंदी, भट्टीचा कोपरा. तेच बोललो, तिथेच थांबलो. जेवणानंतर साहेब लोक लवंडले आणि मी पाय ओढत खालच्या त्या खोलीकडे गेलो.

जानमाज अंथरलेली होती.

सात महिन्यांच्या उन्हाने तिचा हिरवा रंग उडून गेला होता. पण तिच्यावर वाळू नव्हती. त्या बेटावर अर्ध्या तासात चपला वाळूने भरतात, आणि तिच्यावर कणसुद्धा नव्हता, आत्ताच झटकून घातल्यासारखी. जिथे गुडघे टेकतात तिथे दोन खळगे होते. खोलीत कुणी नव्हतं. पलीकडच्या भिंतीमागे दुसरी खोली होती, तिचा तळ मला दिसत नव्हता.

"यूसुफ," मी म्हणालो.

"ओ." मागून, खाली किनाऱ्याकडून. तो सामान आवरत होता. भिंतीमागे काही हललं नाही.

मी भिंतीकडे तोंड केलं आणि लहानपणी करायचो तसे दोन्ही हात तोंडाशी धरले.

"दुल्हाभाई."

मागून ओ आली नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याने ओ दिली नाही. सगळं गप्प झालं, त्या भिंतींमधलं ते उशिरा थांबणारं काहीतरीसुद्धा.

"दुल्हाभाई," मी दुसऱ्यांदा हाक मारली, मोठ्याने.

भिंतीमागे कपडा घासल्यासारखा आवाज झाला. आणि दगडाच्या कडेवर पांढरी टोपी वर आली. आधी वरची शिवण, मग अर्धी टोपी. तिथेच थांबली. उठून बसलेला माणूस, टोपी घालून, पुढच्या हाकेची वाट बघत. मी ही टोपी सात वर्षं रोज बघितली होती. माझ्या छातीत तिसरी हाक भरून आली होती. तोंड उघडलं होतं.

"कुणाला बोलावताय तुम्ही?"

मॅडम वरच्या पायवाटेवर उभ्या होत्या, गळ्यात कॅमेरा, बाजूला साहेब. दोघांच्याही चेहऱ्यावर हसू होतं. "काय सुंदर शब्द आहे तो. काय अर्थ त्याचा?"

सांगायचं होतं एवढंच, की माझ्या बहिणीचा नवरा. दोन श्वासांचं काम. साहेब माझ्याकडे बघत होते, हात तोंडाशी धरलेल्या, खेड्यातल्या पोरासारखं ओरडणाऱ्या त्यांच्या क्लार्ककडे. मी हात खाली घेतले. शर्ट सारखा केला.

"काही नाही, मॅडम. आमच्याकडे नोकराला असंच बोलावतात."

आणि मग, त्यांना खरं वाटावं म्हणून, मी तिसरी हाक मारली.

"यूसुफ."

"ओ," माझ्या अगदी पाठीशी तो म्हणाला. किनाऱ्यावरून इतक्या लवकर कसा आला, ते मी पाहिलं नाही. त्याने मॅडमच्या हातातली छत्री घेतली आणि आम्ही सगळे खाली निघालो.

साडेतीनला लाँच सुटली. मी यादी वाचली, सगळ्यांनी ओ दिली, शेवटच्या ओळीवर खूण केली. मधलं पाणी वाढत गेलं तशा त्या भिंती लहान होत गेल्या. पिवळ्या दगडांवर एक पांढरा ठिपका मला बराच वेळ दिसत होता. तो वर आला नाही आणि खालीही गेला नाही.

मला भीती वाटली म्हणून मी तसं वागलो, असं पुढे आयुष्यभर मी स्वतःला सांगत आलो. आपाला मात्र काहीच सांगितलं नाही. भीती वाटली होती, खोटं नाही. पण ती नंतर लाँचवर वाटली. तिथे भिंतीपाशी, मॅडमनी विचारलं तेव्हा, मला फक्त लाज वाटली होती.